राष्ट्रपती 'नाही' म्हणू शकतात का? आठवीच्या वर्गातून आलेला प्रश्न

उदगीरची_शिक्षिका

नमस्कार. मी उदगीरजवळच्या एका शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. सध्या केंद्रीय कार्यकारी मंडळाचा धडा चालू आहे. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती. वर कलम ५३: संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी असते. खाली कलम ७४: राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार काम करतात.

एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पंतप्रधानांनी चुकीच्या कागदावर सही मागितली तर?" मी सांगितलं, राष्ट्रपती तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. ती म्हणाली, "आणि तोच कागद पुन्हा आला तर?" मी म्हटलं, मग सही करावीच लागते. त्यावर ती म्हणाली, "मग पहिल्यांदा परत पाठवून उपयोग काय?"

सोमवारी पुन्हा तास आहे. परीक्षेत लिहायचं उत्तर माझ्याकडे आहे, पण त्याने तिचं समाधान होणार नाही आणि माझंही झालेलं नाही. राष्ट्रपतींच्या अधिकाराची मर्यादा प्रत्यक्षात कुठे असते? कोणी कधी कागद परत पाठवलाय का, आणि पुढे काय झालं? कृपया खऱ्या घटना सांगा.

रानवाट

खरं उत्तर द्यायचं तर रबरी शिक्का, एवढंच सांगा. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली आणि १९७७ पर्यंत देश अंधारात गेला. मुलांना गोडगोड सांगण्यात अर्थ नाही.

जुना_कक्ष_अधिकारी

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तिथूनच सुरुवात करतो.

मी मंत्रालयात लिपिक म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ विधेयकांच्या नस्त्या, म्हणजे फाइली, सांभाळण्यात गेला. हे काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं की 'नामंजूर' हा शेरा क्वचितच पडतो. नस्ती अडते ती प्रश्नापाशी. 'याबाबत वित्त विभागाचे अभिप्राय घेतले आहेत काय?' एवढी एक ओळ लिहून वरिष्ठांनी नस्ती खाली पाठवली, की विभागाला पुन्हा कागद काढावे लागतात, कारण लिहावं लागतं आणि त्या कारणाखाली कोणाला तरी सही करावी लागते. कितीतरी प्रस्ताव त्यानंतर वर जातच नाहीत. राष्ट्रपतींचा अधिकार मला याच जातीचा वाटतो. त्यांच्या हाती नकार जवळजवळ नाही. प्रश्न मात्र आहे, आणि तो लेखी विचारता येतो.

आता घटना. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं होतं की राष्ट्रपती राज्याचे प्रमुख आहेत, कार्यकारी मंडळाचे नाहीत; ते राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतात, राष्ट्रावर राज्य करत नाहीत. पण १९५० च्या मूळ मजकुरात 'सल्ला मानलाच पाहिजे' असं वाक्य नव्हतं. त्यामुळे पहिल्या राष्ट्रपतींनीच शंका काढली. हिंदूंच्या विवाह-वारशाचे नियम बदलणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या वेळी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी नेहरूंना लिहून आपण स्वतःच्या निर्णयाने वागू शकतो अशी भूमिका घेतली. नेहरूंनी अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि ॲटर्नी जनरल सेटलवाड यांचं मत घेतलं. दोघांचंही उत्तर एकच होतं: सल्ला बंधनकारक आहे. राजेंद्रबाबूंच्या मनातून प्रश्न गेला नाही. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीच्या पायाभरणीला बोलताना त्यांनी राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं जाहीरपणे सुचवलं. विधेयक राहो वा जावो, पण निवडून आलेल्या सरकारपुढे एका व्यक्तीचा विवेक मोठा ठरवण्याची वाट तेव्हाच बंद झाली, हे मला देशाचं भाग्य वाटतं. पुढे १९७४ मध्ये शमशेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तेच सांगितलं, आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते कलम ७४ मध्ये शब्दांत आणलं.

४२ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींचं तोंड मात्र पूर्ण बंद केलं होतं. जनता सरकारच्या काळातल्या ४४ व्या दुरुस्तीने ते एवढंच उघडलं: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल, पुन्हा आला तर तो मानावा लागेल. तुमच्या फळ्यावरचं वाक्य इथून आलंय. ते आणीबाणीतून शिकलेलं वाक्य आहे, हे मुलांना जरूर सांगा.

आता 'उपयोग काय'. ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात कल्याण सिंग यांनी विधानसभेत बहुमत दाखवलं होतं. सभागृहात माइक फेकून मारण्यापर्यंत प्रकार झाले होते. राज्यपाल रोमेश भंडारी यांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि गुजराल मंत्रिमंडळाने ती स्वीकारून राष्ट्रपतींकडे पाठवली. के. आर. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत केली. बहुमत सभागृहात सिद्ध झालेलं असताना ते सरकार कशाच्या आधारावर घालवायचं, हा साधा प्रश्न होता. मंत्रिमंडळाकडे उत्तर नव्हतं. शिफारस पुन्हा वर गेलीच नाही.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९८ मध्ये, सरकार वाजपेयींचं होतं आणि राज्य बिहार, मुख्यमंत्री राबडी देवी. नारायणन यांनी तीही शिफारस परत केली. पक्ष बदलला म्हणून त्यांचा निकष बदलला नाही, आणि म्हणूनच मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. या वेळी मात्र तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेलं घडलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये, बिहारमधल्या दलित हत्याकांडांनंतर, मंत्रिमंडळाने पुन्हा शिफारस केली. घटनेप्रमाणे राष्ट्रपतींनी सही केली. पण कलम ३५६ ची, म्हणजे राष्ट्रपती राजवटीची, उद्घोषणा दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मान्य करावी लागते. लोकसभेत ठराव मंजूर झाला, राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. मार्चमध्ये सरकारला उद्घोषणा मागे घ्यावी लागली आणि राबडी देवी पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. म्हणजे राष्ट्रपतींनी आधी विचारलेला प्रश्न संसदेने पुढे नेला. सही झाल्यावर सगळं संपतं, असं नाही.

उलट उदाहरणही सांगायला हवं. मे २००६ मध्ये डॉ. कलाम यांनी लाभाच्या पदांचं विधेयक कलम १११ खाली परत पाठवलं. लाभाचं पद म्हणजे सरकारी फायद्याचं पद; ते घेतलेला खासदार अपात्र ठरू शकतो. काही पदं पूर्वलक्षी प्रभावाने त्यातून वगळून खासदारांची सदस्यत्वं वाचवणारं ते विधेयक होतं. लाभाचं पद ठरवण्याचा सर्व राज्यांना लागू होईल असा न्याय्य निकष काय, असं त्यांनी विचारलं. संसदेने विधेयकात काहीही न बदलता ते पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये कलाम यांनी सही केली. इथे मुलीची शंका रास्त आहे. तरी त्या प्रश्नामुळे लाभाच्या पदाची व्याख्या तपासायला संसदेची संयुक्त समिती नेमावी लागली, आणि राष्ट्रपतींचे आक्षेप कायमचे नोंदीवर राहिले.

तिसरा प्रकार ग्यानी झैलसिंग यांचा. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक सरकारला लोकांची पत्रं अडवायचे आणि उघडायचे व्यापक अधिकार देत होतं. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. ग्यानीजींनी ना सही केली, ना परत पाठवलं. कलम १११ मध्ये 'शक्य तितक्या लवकर' असं आहे, पण ते शब्द फक्त परत पाठवण्याला लागू. सहीसाठी मुदत नाही. विधेयक त्यांचा कार्यकाळ संपेपर्यंत तसंच राहिलं आणि पुढे कधीच कायदा झालं नाही. लोकांची पत्रं सरकारी नजरेतून सुटली याचा मला आनंद आहे. पद्धत मात्र मला पटत नाही. मौनाला कारण लिहावं लागत नाही. आज चांगल्या विधेयकाला वाईट म्हणून कोणी तसंच बसवून ठेवलं, तर आपण काय म्हणणार? राष्ट्रपतींनी विचारावं, आणि कागदावर विचारावं.

आता रानवाट यांनी काढलेला १९७५. त्या रात्रीबद्दल माझा राग तुमच्याइतकाच आहे, पण कारण वेगळं आहे. इंदिराजींनी राष्ट्रपतींना लिहिलेलं पत्र आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालात छापलेलं आहे. त्यात त्या स्वतः म्हणतात की हा विषय मंत्रिमंडळापुढे नेणं आज रात्री शक्य नाही, म्हणून सरकारी कामकाजाच्या कार्यनियमावलीच्या नियम १२ खाली त्या नियमावलीतून सूट घेत आहेत. मंत्रिमंडळ बसलं दुसऱ्या दिवशी पहाटे, सही झाल्यानंतर. कलम ७४ प्रमाणे सल्ला कोण देतं? मंत्रिपरिषद. एकटे पंतप्रधान नव्हेत. पत्रातच लिहिलं होतं की मंत्रिपरिषदेने सल्ला दिलेला नाही! तेव्हा राष्ट्रपतींनी 'नाही' म्हणायचीही गरज नव्हती. 'मंत्रिमंडळाचा निर्णय सोबत जोडावा' एवढं लिहून कागद परत करता आला असता. माझ्या कक्षातला नवखा सहायकसुद्धा जोडपत्र नसलेला प्रस्ताव पुढे पाठवत नसे. पहाटेपर्यंत थांबून इतिहास बदलला असता का, मला माहीत नाही. पण इतके मंत्री एका टेबलाभोवती बसले असते, त्यांच्यापैकी एखाद्याने तोंड उघडलं असतं, आणि देशाला ती संधी मिळायला हवी होती.

म्हणून ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अट घातली: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची उद्घोषणा करायची नाही. मुलांना मर्यादा म्हणून हे वाक्य वाचून दाखवा. त्याने राष्ट्रपतींचा हात बांधला जातो, आणि पंतप्रधानांचाही.

गोखलेवाला

काकांच्या लेखी प्रश्नाच्या मुद्द्याला पुण्याची एक जोड. आमच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा संशोधनाच्या निमित्ताने बिहारचे कागद पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं की तिथे विधिमंडळाला वगळून अध्यादेशांवरच, म्हणजे अधिवेशन नसताना काढायच्या तात्पुरत्या कायद्यांवरच, राज्य चाललंय. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश. त्यातले काही पुन्हापुन्हा काढून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो, पण संपायच्या आत पुन्हा तोच. सरांनी सगळी यादी हाताने लावली, प्रसिद्ध केली आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला: असे पुन्हापुन्हा काढलेले अध्यादेश म्हणजे घटनेशी केलेली फसवणूक. न्यायालयाने त्यांना १० हजार रुपये खर्च देवविला.

ते अध्यादेश राज्यपालांचे होते, पण कलम १२३ खालचा राष्ट्रपतींचा अधिकार त्याच घडणीचा आहे आणि २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी कृष्णकुमार सिंग प्रकरणात ते दोन्हींना लावून पुन्हा सांगितलं. एका शिक्षकाने कागद वाचले म्हणून हे झालं. मॅडम, तुमच्या वर्गात हे अवश्य सांगा.

वकील_नागपूरकर

काकांनी छान मांडलंय. न्यायालयाची बाजू जोडतो, कारण त्याशिवाय चित्र अपुरं राहील.

कलम ७४(२) म्हणतं की मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालय करणार नाही. पूर्वी सरकारं याच्या आड लपायची. ११ मार्च १९९४ च्या एस. आर. बोम्मई निकालात नऊ न्यायाधीशांनी ते आवरण बाजूला केलं: सल्ला गोपनीय असेल, पण तो ज्या सामग्रीवर दिला ती न्यायालय पाहू शकतं. बहुमत आहे की नाही ते राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरतं. आणि संसदेची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा बरखास्त करायची नाही. नारायणन यांचे दोन्ही आक्षेप या निकालानंतरचे आहेत, हे लक्षात घ्या. त्यांच्या मागे हा आधार उभा होता.

सही झाल्यानंतरही ती कशी तपासली जाते, त्याची दोन उदाहरणं. मे २००५ मध्ये बिहार विधानसभा बरखास्त करण्याचा कागद कलाम यांना मॉस्को दौऱ्यात, रात्री, पाठवण्यात आला आणि त्यांनी तिथेच मंजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. तोवर नव्या निवडणुकीची प्रक्रिया सुरू झाली होती, म्हणून जुनी विधानसभा परत आली नाही. आपण त्या वेळी राजीनामा लिहून ठेवला होता, असं कलाम यांनी नंतर स्वतः नमूद केलं. दुसरं, एप्रिल २०१६ चं उत्तराखंड. उच्च न्यायालयाने राष्ट्रपती राजवट रद्द केली. राष्ट्रपतींच्या निर्णयाबद्दल न्यायालय कसं बोलणार, या युक्तिवादावर खंडपीठाने सांगितलं की राष्ट्रपतींचंही चुकू शकतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली मे महिन्यात सभागृहात मतदान झालं आणि हरीश रावत यांनी बहुमत सिद्ध केलं.

कलम ३६१ प्रमाणे राष्ट्रपतींना स्वतः कोर्टात उभं करता येत नाही. त्यांच्या सहीने झालेल्या कृतीला मात्र आव्हान देता येतं. फाशीच्या दया अर्जांवरही तसंच: २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात, मुख्यतः अर्ज वर्षानुवर्षं अडकून पडले या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली.

उदगीरची_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला. वाचताना एक प्रश्न उभा राहिला आणि तो माझ्या वर्गातही येणार हे नक्की, कारण ही मुलं तेव्हा लहान असली तरी घरोघरी ती गोष्ट ऐकलेली आहे. नोव्हेंबर २०१९, पहाटेचा शपथविधी. तेव्हा राष्ट्रपती राजवट उठवायला मंत्रिमंडळाची बैठक झाली होती का?

जुना_कक्ष_अधिकारी

नव्हती. मॅडम, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

१२ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागू झाली. ती उठवल्याची अधिसूचना २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांची आहे आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांनी कार्यनियमावलीच्या नियम १२ चा वापर केला. १९७५ च्या पत्रात होता तोच नियम. १९६१ च्या त्या नियमावलीत पंतप्रधानांना नियमांपासून फारकत घ्यायला परवानगी देण्याचा किंवा झालेली फारकत माफ करण्याचा अधिकार आहे. मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेतली जाते.

दोन्ही प्रसंगांची तुलना मी करत नाही. एकीकडे नागरिकांचे हक्क गेले, दुसरीकडे राजवट उठली आणि सरकार बनलं. कोणत्या पक्षाचं बरोबर, तेही इथे सांगत बसणार नाही. माझं म्हणणं कागदापुरतं आहे. ४४ व्या दुरुस्तीने लेखी निर्णयाची अट फक्त कलम ३५२ ला, म्हणजे आणीबाणीला घातली. राष्ट्रपती राजवट लावणं वा उठवणं हे ३५६ मध्ये येतं आणि तिथे तशी अट नाही. एक दार बंद केलं, शेजारचं उघडं राहिलं. नियम १२ कायद्याने वैध आहे, पूर किंवा युद्धासारख्या घाईच्या वेळी तो लागतोही. पण राष्ट्रपतींनी अशा वेळी 'रात्रीतच हे करण्याची निकड काय?' असं विचारावं, असं मला मनापासून वाटतं. असं विचारण्यापासून त्यांना कोणतंच कलम अडवत नाही. उलट कलम ७८ प्रमाणे राष्ट्रपतींनी मागितलेली माहिती देणं हे पंतप्रधानांचं कर्तव्य आहे.

पुढचं सर्वांना आठवतं. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनालाच, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी विश्वासमताचा आदेश दिला आणि त्याच दुपारी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. शेवटी निर्णय सभागृहाच्या आकड्यांनीच केला.

रानवाट

काका, मान्य, शिक्का हा शब्द अपुरा आहे. पण मग शक्ती विधेयकाचं काय? डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. स्त्रियांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा होती त्यात. राष्ट्रपतींकडे गेलं आणि तिथेच अडकलं. तिथे कोणी कुठला प्रश्न विचारला?

जुना_कक्ष_अधिकारी

प्रश्न विचारले गेले, पण राष्ट्रपती भवनातून नाहीत. मी हाताळलेल्या नस्त्यांवरून सांगतो.

शक्तीसारखं विधेयक समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा, विषयावर असतं आणि केंद्राच्या कायद्याशी त्याचा मेळ बसत नसतो. अशा वेळी कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, तरच ते राज्यात टिकतं. राज्यपाल विधेयक राखून ठेवतात आणि ते दिल्लीला जातं केंद्रीय गृह मंत्रालयात. तिथून संबंधित मंत्रालयांकडे अभिप्रायासाठी जातं. त्यांचे आक्षेप पत्राने आमच्याकडे यायचे: अमुक कलम केंद्रीय कायद्यापेक्षा वेगळं का, ही शिक्षा प्रमाणाबाहेर नाही का. आम्ही मुद्देनिहाय उत्तर पाठवायचो, मग पुन्हा पत्र. या सगळ्या प्रवासात पत्रावर राष्ट्रपतींची सही कधी पाहिली नाही. 'राष्ट्रपतींनी अडवलं' असं आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा केंद्र सरकारने अडवलेलं असतं. कलम ७४ इथेही लागू आहे.

गुजरातचं संघटित गुन्हेगारीविरोधी विधेयक पाहा. आपल्या मोक्काच्या धर्तीवरचं. मोक्काला १९९९ मध्ये संमती मिळाली. गुजरातचं कलाम यांनी परत पाठवलं, प्रतिभाताई पाटील यांच्याही काळात परत आलं, आणि बदललेल्या रूपात २०१९ मध्ये रामनाथ कोविंद यांच्या सहीने मंजूर झालं. राष्ट्रपती बदलले, तसं दिल्लीतलं सरकारही बदललेलं होतं, हे ताडून पाहा म्हणजे निर्णय कुठे होतो ते कळेल.

शक्तीच्या बाबतीत आणखी एक झालं. ते भारतीय दंड संहितेत दुरुस्ती करणारं होतं. १ जुलै २०२४ पासून दंड संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. संमतीची वाट पाहत असताना पायाखालचा कायदाच बदलला. ज्या मुलींसाठी ते केलं होतं त्यांना इतकी वर्षं ना होकार मिळाला ना नकार. याचं मला फार वाईट वाटतं.

मॅडम, वर्गात दाखवायला शासन मुद्रणालयाने छापलेली मोक्काची प्रत मिळाली तर पाहा. कायद्याच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं की राष्ट्रपतींची संमती मिळाल्यानंतर तो राजपत्रात प्रथम प्रसिद्ध झाला. साध्या राज्य कायद्यावर त्याच जागी राज्यपालांचा उल्लेख असतो. दोन्ही शेजारी ठेवले की मुलांना लगेच कळेल.

वकील_नागपूरकर

मुदतीचा मुद्दा अगदी अलीकडचा आहे. ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की राज्याच्या विधेयकावर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा. त्यानंतर मे महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायालयाचं मत मागण्याच्या कलम १४३ खाली १४ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. २० नोव्हेंबर २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांनी मत दिलं: घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही, आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असं मानताही येत नाही. राज्यपालांनी विनाकारण, दीर्घकाळ काहीच केलं नाही तर न्यायालय त्यांना 'निर्णय घ्या' एवढं सांगू शकतं. काय घ्या, ते नाही. मला स्वतःला मुदत हवी होती. पण ती घालायची तर संसदेने घटनादुरुस्ती करून घालावी, हे न्यायालयाचं म्हणणं मी नाकारू शकत नाही.

मॅडम, शिकवताना एक फरक जपा. संसदेचं विधेयक दुसऱ्यांदा आलं तर कलम १११ प्रमाणे राष्ट्रपतींना संमती रोखता येत नाही. धन विधेयक तर पहिल्यांदाही परत पाठवता येत नाही, आणि घटनादुरुस्तीला १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून संमती द्यावीच लागते. राज्याच्या विधेयकाचं तसं नाही. कलम २०१ प्रमाणे ते परत आलं तर विधिमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा, आणि जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं तरी ते राष्ट्रपतींपुढे फक्त विचारार्थ जातं. संमती दिलीच पाहिजे असं तिथे लिहिलेलं नाही.

उदगीरची_शिक्षिका

हा फरक आमच्या पुस्तकात नाही. सोमवारी १११ आणि २०१ ही दोन्ही कलमं फळ्यावर शेजारीशेजारी लिहिते आणि मुलांनाच फरक शोधायला सांगते. काका, मोक्काची प्रत लातूरच्या ग्रंथालयात मिळते का ते बघते, नाहीतर तुम्हाला व्यक्तिगत निरोप करेन.